सासऱ्यांच्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग

मिस्त्रीची बायको गेली तेव्हा मिस्त्री रडला नाही, ही गोष्ट त्याच्या गल्लीत बरीच चघळली गेली. कुणी म्हणालं, माणूस आतल्या गाठीचा आहे. कुणी म्हणालं, दगड आहे. शेजारच्या काकूंनी तर त्याला रडू फुटावं म्हणून त्याच्यासमोर बसून स्वतः दोनदा रडून पाहिलं. मिस्त्रीने त्यांना पाण्याचा पेला दिला आणि तो गॅरेजचं शटर उघडायला निघून गेला. खरं सांगायचं तर त्याची रडायला ना नव्हती. दात काढताना इंजेक्शन देतात आणि गाल बधिर होतो, बोट लावलं तर गाल जागेवर आहे हे कळतं, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. मिस्त्रीचं सगळंच तसं झालं होतं. दाताचं औषध संध्याकाळपर्यंत उतरतं. याचं वर्ष उलटलं तरी उतरायचं नाव घेत नव्हतं.

कामात मात्र खोट नव्हती. पंप, पॉवर टिलर, लहान ट्रॅक्टर, जे दारात येईल ते तो खोलायचा, दुरुस्त करायचा, बंद करायचा. पूर्वी तो काम करताना मालकाच्या हलगर्जीपणावर भरपूर तोंडसुख घ्यायचा, ग्रीस महाग झालं का म्हणून विचारायचा. आता ‘हं’ म्हणायचा. गिऱ्हाइकांना ते जास्त पसंत पडलं. लोकांना काय, शिव्या न खाता गाडी सुरू झाली की झालं.

रविवारी तो सासऱ्यांकडे जायचा. बायको असताना दोघं जात, आता एकटा. का जातो, हे त्यालाही सांगता आलं नसतं. रविवार उजाडला की स्कूटर आपोआप त्या वळणावर वळायची. सासऱ्यांची गावाबाहेर रोपवाटिका होती. काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीने मांडलेली, दोन ओळींमध्ये एक लहान ट्रॅक्टर आणि त्याची छोटी ट्रॉली जाईल एवढीच वाट. टोकाला पत्र्याची शेड, शेडमागे दोन खोल्या. सासूबाई फार पूर्वीच गेलेल्या. चार बाया कामाला येत. म्हातारा दिवसभर ट्रॅक्टरवर बसून इकडची रोपं तिकडे करायचा, आणि संध्याकाळी ट्रॅक्टर असा पुसायचा की लग्नातली भांडीही कुणी तशी पुसत नसेल.

दोघा पुरुषांचं बोलणं बेताचंच. मिस्त्री चहा करायचा, कप काठोकाठ भरून सासऱ्यांपुढे ठेवायचा. सासरे म्हणायचे, “ठेवा जावईबापू, निवू दे.” तो निवायचा, त्यावर साय धरायची, आणि मिस्त्री निघेपर्यंत कप तसाच असायचा. आपल्या हातचा चहा म्हाताऱ्याला आवडत नाही, असं मिस्त्रीने धरून चाललेलं होतं. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं खातंच बंद होतं.

असं सगळं निवांत चाललं असताना मेहुणा आला आणि त्याने घोळ घातला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शहरात चौथ्या मजल्यावर राहायचा, एका कचेरीत नोकरीला होता, आणि बहीण गेल्यापासून बापाच्या काळजीने अर्धा झाला होता. तो गंमत म्हणून ट्रॅक्टरवर बसला, शेडमधून बाहेर काढायला गेला आणि थेट खतांच्या पोत्यांवर जाऊन धडकला. स्टिअरिंग चांगलं वितभर इकडेतिकडे फिरायचं आणि पुढच्या चाकांना त्याचा पत्ताच नसायचा. मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाबा, तुम्ही हे असलं चालवता?”

“सवय आहे मला,” सासरे म्हणाले.

“ही सवय एक दिवस जिवावर बेतेल. ताई गेली, आता तुमचं काही झालं तर मी काय करू?” मग त्याने मिस्त्रीकडे मोर्चा वळवला. “भावोजी, तुम्ही एवढे नावाजलेले मिस्त्री, आणि घरच्या ट्रॅक्टरची ही दशा? पुढच्या महिन्यात मी परत येतो. तेव्हा हा ट्रॅक्टर सरळ चालताना मला माझ्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. नाहीतर तो विकायचा, जागा भाड्याने द्यायची आणि बाबांनी माझ्याकडे यायचं. झालं.”

सासरे फडकं घेऊन ट्रॅक्टर पुसायला लागले. चौथ्या मजल्यावर त्यांनी एकदा आठवडा काढला होता. खिडकीत बसून खालच्या गाड्या मोजायच्या आणि जेवायला हाक आली की उठायचं. परत आले ते वाळलेल्या रोपासारखे. ट्रॅक्टर गेला तर म्हाताऱ्याजवळ काही उरणार नाही, हे मिस्त्रीला बधिरपणातही कळत होतं.

आणि खरं तर मेहुण्याचा टोमणा रास्त होता. स्टिअरिंग ढिलं आहे हे मिस्त्रीला कितीतरी दिवसांपासून ठाऊक होतं. पाना घेऊन तो दोनदा खाली शिरलाही होता, पण दोन्ही वेळा बायकोने त्याला बाहेर ओढलं होतं. “राहू दे. बाबांना तसंच लागतं.” का, म्हणून विचारलं तर, “तुला काय करायचंय, रविवारी तरी हात काळे करू नकोस.” तिचा बापावर जीव, आणि बापाचा जुन्या सवयींवर. मिस्त्रीने हात झटकले होते.

आता आडवं यायला ती नव्हती. पुढच्या रविवारी मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊनच आला.

लहान ट्रॅक्टरचं स्टिअरिंग म्हणजे फार मोठं गौडबंगाल नसतं. चाक फिरवलं की दांडा फिरतो, दांड्याखाली लोखंडी डबा असतो, डब्यातले दाते एका आर्मला पुढेमागे ढकलतात आणि तो आर्म सळईच्या जोडांमधून पुढची चाकं वळवतो. ढिलेपणा या वाटेत कुठेही मुक्कामाला असू शकतो. तो शोधायचा एकच सरळ मार्ग: एकाने वर बसून स्टिअरिंग हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्याने खाली पडून कोण हलतं आणि कोण नुसतं बघत बसतं ते पाहायचं. सासरे वर बसले. मिस्त्री पोत्यावर पाठ टेकून खाली सरकला.

“डावीकडे घ्या. सावकाश. आता उजवीकडे.”

सळईचे दोन्ही बॉल जॉइंट खिळखिळे झाले होते. त्यातला एक तर इतका, की कधी निसटून पडेल सांगता येत नव्हतं. आर्मचा नट सैल होता. डब्यातल्या दात्यांमध्येही भरपूर फट पडलेली होती; आर्म हलायच्या आधी दांडा आपला आपला फिरून घ्यायचा. एवढं सगळं सापडलं तेव्हा पूर्वीचा मिस्त्री असता तर सासऱ्यांचाही मुलाहिजा ठेवला नसता. आत्ताचा मिस्त्री म्हणाला, “हं.”

आणि मग त्याला तो आवाज ऐकू आला. बारीक, भराभर, टकटकटक असा. दांड्यातून येत होता.

“इंजिन बंद आहे ना, बाबा?”

“बंदच आहे.”

“स्टिअरिंग फिरवताय का?”

“नाही. नुसतं धरलंय.”

मिस्त्रीने दांड्याला बोट लावलं. दांडा थरथरत होता. बंद गाडीत, कुणी फिरवत नसताना. मिस्त्रीने जरा विचार केला आणि दांड्याचा बुश, म्हणजे त्याला धरून ठेवणारी कडी, झिजलाय असा निकाल देऊन टाकला. यंत्राच्या खाली पडलेल्या माणसाला सगळे दोष यंत्रातच दिसतात. वर माणूस बसलाय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

नवे जॉइंट आणि बुश घेऊन तो शनिवारी संध्याकाळी परत आला. जॉइंट बदलले, आर्मचा नट आवळला, बुश बदलला. शेवटी डब्यावरचा लॉकनट सैल करून मधला स्क्रू आत फिरवत नेला, दात्यांमधली फट संपेपर्यंत. स्टिअरिंग आता करंगळीने हलवलं तरी चाकं वळत होती. अशा कामानंतर मिस्त्रीला पूर्वी आतून एक गोड समाधान वाटायचं, घरी जाऊन तो बायकोला सगळं सविस्तर सांगायचा आणि ती भाजी चिरता चिरता काही न कळताही “मग?” म्हणायची. त्याने हात पुसले. समाधान आलं नाही. त्याने त्याची वाटही पाहिली नाही.

सकाळी ट्रॅक्टर चालवून बघा, असं सासऱ्यांना सांगून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो पोचला, तर बाया काम सोडून शेडच्या दारात उभ्या होत्या. ट्रॅक्टर तिसऱ्या ओळीत आडवा थांबला होता, ट्रॉलीचं चाक पिशव्यांवर चढलेलं, माती सांडलेली, रोपं मोडलेली. सासरे उतरून बाजूला उभे होते.

“बिघडवलात तुम्ही,” ते म्हणाले. म्हाताऱ्याने जावयाला असा शब्द आजवर कधी लावला नव्हता. “माझा चांगला चालणारा ट्रॅक्टर बिघडवलात. एका जागी राहत नाही. सारखा मान हलवतो.”

मिस्त्रीने वाद घातला नाही. तो ट्रॅक्टरवर चढला, मागे घेतला आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. ट्रॅक्टर सुतात चालला. परत आणला, तरी सुतात.

“आता तुम्ही बसा, बाबा.”

“मी नाही बसत.”

“बसा. मी बाजूने चालतो.”

सासरे बसले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, इतकं की बोटांची पेरं पांढरी झाली, आणि क्लच सोडला. मिस्त्री पुढच्या चाकाकडे बघत चालू लागला. चाक हलत होतं. डावं, उजवं, डावं, उजवं, बारीक आणि भराभर. तीच ती टकटक, आता जमिनीवर उतरलेली. मिस्त्रीची नजर चाकावरून सळईवर गेली, सळईवरून दांड्यावर, दांड्यावरून वर, आणि सासऱ्यांच्या हातांवर येऊन थांबली.

ओलसर मातीत दोन माग उमटले होते. एक त्याचा, सरळ. एक म्हाताऱ्याचा, करवतीच्या दात्यांसारखा. वितभर ढिलं स्टिअरिंग, आणि त्या वितीत म्हाताऱ्याच्या हातांची सगळी थरथर जिरून जात होती. हात हवे तेवढे कापू देत, चाकांपर्यंत काही पोचतच नव्हतं. ट्रॅक्टर नाकासमोर चालत होता, आणि तो चालतोय तोवर म्हातारा धडधाकट होता. ते आवरण त्याने स्वतःच्या हाताने, एका स्क्रूने, काढून टाकलं होतं.

राहू दे. बाबांना तसंच लागतं.

बायांना त्याने पलीकडच्या ओळींना पाणी द्यायला पाठवलं. सासरे उलट्या क्रेटवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मिस्त्री समोर उकिडवा बसला.

“कधीपासून?”

“कलमं बांधायचं सोडलं तेव्हापासून.”

“डोळ्यांमुळे सोडलं म्हणाला होतात.”

“डोळे चांगले आहेत माझे,” सासरे म्हणाले. “तो तिकडे तारेवर बसलेला पक्षी दिसतो मला.”

मिस्त्रीने उगाचच तारेकडे पाहिलं.

“हिला माहीत होतं?”

“मी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.” सासरे म्हणाले. “लेकीला सांगावं लागत नाही. आता पोरगा येईल, बघेल आणि मला उचलून नेईल. त्याचं चूक नाही. चूक कुणाचंच नाही, जावईबापू. पण मी तिथे काय करू ते सांगा. सोफ्यावर बसून थरथरत राहू?”

मिस्त्रीने पेटी ओढली. तो पोतं घेऊन पुन्हा ट्रॅक्टरखाली शिरला. जॉइंट नवे होते ते तसेच राहू दिले, ते निसटले असते तर खरंच जिवावर बेतलं असतं. आर्मचा नटही आवळलेलाच ठेवला. फक्त डब्यावरचा लॉकनट सैल केला आणि मधला स्क्रू बाहेर काढायला लागला. थोडा काढायचा, वर हात घालून स्टिअरिंग हलवून बघायचं, आणखी थोडा काढायचा. आयुष्यभर त्याने लोकांचे ढिले भाग घट्ट केले होते. चांगलं घट्ट बसलेलं जाणूनबुजून ढिलं करायची ही पहिलीच खेप. हात घुटमळले, मग जमलं.

“बसा आता.”

पहिली फेरी जरा वाकडी झाली. मिस्त्रीने स्क्रू आणखी किंचित काढला. दुसऱ्या फेरीला ट्रॅक्टर ओळीतून नीट गेला, टोकाला वळला, परत आला. सासऱ्यांचे हात स्टिअरिंगसकट थरथरत होते आणि पुढची चाकं गुमान सरळ चालली होती. सासरे उतरले नाहीत. तिसरी फेरी मारायला निघून गेले.

परत आल्यावर मिस्त्रीने अटी घातल्या. ट्रॅक्टर रस्त्यावर काढायचा नाही, ओळींतच, पहिल्या गिअरमध्ये. आणि या आठवड्यात डॉक्टरकडे, त्याच्या स्कूटरवर.

“आणि पोराला?” सासऱ्यांनी विचारलं.

“ट्रॅक्टरचं मी बोलेन. हातांचं तुम्ही सांगायचं. पण सांगायचं, लपवायचं नाही.”

“हं,” सासरे म्हणाले. तो शब्द मिस्त्रीचा होता, पण त्याने तो जाऊ दिला.

डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि थोडा फरक पडेल म्हणाले, फार नाही. थोडा पडला.

मेहुणा ठरल्याप्रमाणे आला. बूट न काढता थेट शेडमध्ये गेला, ट्रॅक्टरवर चढला आणि स्टिअरिंग हलवून पाहिलं. ते आरामात इकडून तिकडे गेलं. मेहुण्याच्या कपाळावर आठ्या उमटल्या.

“भावोजी, हे ढिलंच आहे की अजून.”

“जॉइंट नवे टाकलेत. नटबिट सगळं आवळलंय. तुटण्यासारखं, निसटण्यासारखं काही नाही.” इतकं बोलून मिस्त्रीला धाप लागल्यासारखं झालं, कितीतरी दिवसांत त्याने एका दमात एवढे शब्द वापरले नव्हते. “हा ढिलेपणा मी ठेवलाय.”

“ठेवलाय म्हणजे?”

“बाबांना तसंच लागतं.”

मिस्त्रीचा शब्द खोडून काढावा तर ट्रॅक्टरमधलं मेहुण्याला ओ की ठो कळत नव्हतं. तेवढ्यात सासरे येऊन ट्रॅक्टरवर बसले, ट्रॉलीत रोपं भरून घेतली आणि पाचव्या ओळीतून असे निघून गेले की एका पिशवीचा कानही हलला नाही. मेहुणा मागून चालत गेला आणि मागून चालत आला. त्याचा जीव भांड्यात पडलेला लांबूनही दिसत होता.

“विकायचं राहू दे सध्या,” तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “चहा तरी टाका भावोजी, घसा सुकला.”

तिघं खोलीत बसले. मिस्त्रीने चहा गाळला. मेहुण्याचा कप भरला, स्वतःचा भरला. मग सासऱ्यांचा भरायला घेतला आणि पातेलं अर्ध्या कपावरच थांबलं. त्याने ठरवून थांबवलं नव्हतं. दर रविवारी याच ओट्याशी ती उभी असायची, याच कपात अर्धाच चहा ओतायची, बापाचा पिऊन झाला की पुन्हा अर्धा. मिस्त्रीने वर्षानुवर्षं ते पाहिलं होतं. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याचे नखरे.

“अहो, अर्धाच काय?” मेहुणा म्हणाला. “भरा की चांगला. बाबांना काय कमी आहे?”

“त्यांना अर्धाच लागतो,” मिस्त्री म्हणाला. “मग परत अर्धा.”

बोलून झाल्यावर त्याला कळलं की हे वाक्य त्याचं नाही. शब्दन्‌शब्द तिचं होतं, आणि सूरही तिचाच, वाद मिटवून टाकणारा. सासऱ्यांनी कप दोन्ही हातांत धरला. कप हलला, चहा आतल्या आत डुचमळला, पण काठावर आला नाही. त्यांनी तो गरम असतानाच पिऊन टाकला आणि जावयाकडे न बघता कप पुढे केला.

मिस्त्रीला पातेलं उचलता येईना. ती नाही, हे त्याला वर्षभर माहीत होतं. आत्ता ते ठणकत कळलं, दाताचं औषध उतरल्यावर ठणकतं तसं. त्याला ती हवी होती. आत्ता, या ओट्याशी, चिडलेली चालेल, कशीही. तो डब्यांच्या फळीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

“भावोजी?” मेहुणा अर्धवट उठला. “बाबा, काय झालं यांना?”

सासऱ्यांनी त्याला हाताने खाली बसवलं. तो हात मुलाच्या खांद्यावर थरथरत राहिला, आणि म्हाताऱ्याने तो काढून घेतला नाही.

“बस,” ते म्हणाले. “रडू दे त्याला. आणि हा माझा हात बघतोयस ना, त्याचंही सांगतो. आधी मला तेवढा अर्धा चहा दे.”